दोन माणसांची गाडी

४ फेब्रुवारी

गाडी गेली. आमची जुनी पिकअप आज वेल्डरच्या शेडमध्ये कायमची बसली. मी त्याला म्हटलं, अजून एक टाका मार. तो म्हणाला, "मारू कशाला? आता लोखंड उरलेलंच नाही, नुसतं वेल्डिंग उरलंय." आणि वर हसला. मांजराचा खेळ होतो, उंदराचा जीव जातो.

पिकअप नाही म्हणजे धंदा नाही. आम्ही गाईंचे खूर तासतो. गाय उभी करून धरायचा लोखंडी खोडा आम्ही चार चाकांच्या ट्रेलरवर बसवून घेतलाय. पट्टे, पंप, पाण्याची टाकी धरून त्याचं वजन असं आहे की लहानसहान गाडीने त्याच्याकडे बघूसुद्धा नये. तो ओढत गोठ्यागोठ्यावर न्यायचा, गाय आत घ्यायची, पाय बांधायचा. मी तासतो, ताई पट्टे आणि पंप सांभाळते. आई गेल्यावर ताईनेच मला वाढवलं. तेव्हा तिला स्थळं येत होती, पण ती म्हणायची, आधी हा मार्गाला लागू दे. मग मी मार्गाला लागलो आणि ती माझ्याच बरोबर मार्गाला लागली. बरं झालं. दुसरं कुणी माझ्याबरोबर टिकलं नसतं.

आता नवी गाडी बघायची. मला दुकानं आवडत नाहीत.

७ फेब्रुवारी

शोरूममध्ये गेलो. तिथला विक्रेता इतका मऊ बोलतो की मी मनात त्याचं नाव लोणी ठेवलं. मी विचारलं, ही किती ओढते? त्याने चकचकीत कागद पुढे केला. ओढायची ताकद ठळक अक्षरात, आणि गाडीने स्वतःच्या अंगावर किती पेलायचं ते मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. मी चष्मा लावून तेच वाचलं. ट्रेलरची दांडी गाडीच्या मागच्या गोळ्यावर दाबते, ते वजन धरायचं. हौद्यातली अवजारं धरायची. मी आणि ताई, आम्ही काही कापसाचे नाही, आम्हालाही धरायचं. सगळं मिळवलं तर गाडी ट्रेलर ओढेल, पण आम्हाला मागून पळत यावं लागेल. लोणीला हे सांगितलं तर तो म्हणाला, "तुम्हाला गाडीतलं खूपच कळतं, साहेब." म्हणजे त्याला अजिबात कळत नव्हतं.

कोपऱ्यात एक करडी उभी होती. जुन्या वळणाची. हाताने टाकायचा गिअर, मागे स्प्रिंगचे जाड पाटे, आत काही थेरं नाहीत. मी दार लावलं तर तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज आला. हीच, म्हटलं.

ताई तिच्या मागे जाऊन वाकून बघत होती. म्हणाली, "ही एकट्या माणसाला ट्रेलरला जोडता येईल का?"

"एकट्याने कशाला जोडायची?"

"विचारायला काय जातं? मागे कॅमेरा आहे का हिला?"

लोणी लगेच पलीकडच्या पांढऱ्या गाडीकडे धावला. तिला कॅमेरा आहे, गिअर आपोआप पडतात, पडद्यावर रेघ येते, ती रेघ ट्रेलरच्या दांडीला लावली की झालं. ताई त्या पडद्यासमोर इतका वेळ उभी राहिली की मला वाटलं आता सिनेमा सुरू होतो की काय.

मी म्हटलं, मला कॅमेरा नको, मला ताई आहे. तिला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. तिने तोंड फिरवलं.

८ फेब्रुवारी

कॅमेरा! रात्रभर डोक्यात तेच.

आमची जोडायची रीत अशी. मी गाडी मागे घेतो. ताई मागे उभी राहून हाताने खुणा करते, डावीकडे, उजवीकडे, सरळ, हळू. गाडीचा गोळा दांडीच्या वाटीखाली बरोबर आला की ती मूठ मिटते. मग वाटी बसवते, पिन घालते, साखळ्या अडकवते आणि फाळक्यावर दोन थापा मारते. थापा म्हणजे निघ. या दोन थापांशिवाय मी ट्रेलर कधी हलवलेला नाही. इतक्या वर्षांत एकदाही वाटी सुटलेली नाही. मग पडदा कुणाला हवाय?

१४ फेब्रुवारी

एका गोठेवाल्याने ट्रॅक्टर दिलाय तात्पुरता. त्याने ट्रेलर ओढला जातो, पण जवळच्या गोठ्यांपर्यंतच. लांबच्या दुग्धशाळेच्या बाईंचा फोन आला, "चार गाई लंगडतायत, तुम्ही येताय की दुसऱ्याला बोलावू?" मी म्हटलं, या आठवड्यात नक्की. ताईने माझ्याकडे असं बघितलं की मी फोन ठेवल्यावरही जागेवरून हललो नाही.

"मग घे ना एकदाची गाडी," ती म्हणाली.

"घेतो. करडी घेतो."

"करडी नको."

आमच्याकडे आजवर ताईने कधी गाडीच्या बाबतीत तोंड घातलं नव्हतं. तिला गाडी चालवताही येत नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे जी नाचणारच नाही ती अंगण मोजतेय.

२० फेब्रुवारी

निवृत्त डॉक्टर आज परत आले. जनावरांचे डॉक्टर, गेल्या वर्षी काम सोडलं, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. पूर्वी गोठ्यावर भेटायचे, आता घरीच येतात. आज गाड्यांचे कागद घेऊन आले. पांढरीचा कागद सगळ्यात वर, आणि कॅमेऱ्याखाली पेनाने दोनदा रेघ.

"मला वाटतं ही तुम्हाला सोयीची पडेल," म्हणाले.

यांचा काय संबंध? माझी खात्री झालीय, लोणी यांना दलाली देतो. निवृत्तीनंतर माणसं काहीबाही करतात. मिशीला कलपही लावलाय आता, म्हणजे गिऱ्हाइकांवर छाप पडावी. मी कागद टेबलावर पालथे ठेवले. ताईने ते उचलून सरळ केले आणि त्यांना दुसरा कप चहा दिला. मला कुणी विचारलं नाही.

२३ फेब्रुवारी

ताईने मला धुण्याचं मशीन लावायला शिकवलं. मी म्हटलं, हे मला कशाला? म्हणाली, "पाण्यात पडलं की पोहता येतं म्हणतात, पण आधी थोडं शिकलेलं बरं." पांढरे कपडे वेगळे, रंगीत वेगळे. माझे सगळेच कपडे शेणाच्या रंगाचे आहेत. तरी मला दोनदा म्हणून दाखवायला लावलं.

मग बटाटे उकडायला लावले. मी काय हॉटेल काढणार आहे?

२७ फेब्रुवारी

आज मोठा तमाशा.

मी हट्टाने करडी चाचणीसाठी घरी आणली. ट्रेलरला लावून एक फेरी मारतो, मग ताईचं तोंड आपोआप बंद होईल, असा बेत. मी गाडी मागे घ्यायला लागलो आणि आरशात बघतो तर मागे कुणी नाही. ताई ओट्यावर बसून शेंगा सोलत होती.

"ये ना गं!"

"आज मी नाही. तू एकटा लाव."

"काय झालं? पाय दुखतायत?"

"पाय ठणठणीत आहेत. लाव एकटा. मला बघायचंय."

लावतो म्हटलं. गाडी मागे घेतली, उतरलो, बघितलं तर गोळा डावीकडे. चढलो, सरकवली, उतरलो, आता उजवीकडे. करडीला पायरी उंच, आणि मी काही आता पंचविशीतला नाही. चढउतार करून करून गुडघे बोलायला लागले. शेवटी बरोबर आला असं वाटलं म्हणून जरा जोर दिला आणि धाडकन! दांडी फाळक्यात शिरली. करडीला मागे डोळ्याएवढा खड्डा. ट्रेलरच्या जॅकचं चाक वाकलं.

मी ओरडलो, "बघ! बघ काय झालं तुझ्यामुळे!"

ताई शेंगांची टोपली घेऊन उठली. मला वाटलं आता तीही ओरडेल. ती इतकंच म्हणाली, "हेच बघायचं होतं," आणि आत गेली. तिचा चेहरा जिंकल्यासारखा नव्हता. उलट तपासणीत कुणाचं तरी दुखणं निघावं तसा.

तिला नक्की डोळ्यांचा काहीतरी त्रास आहे आणि ती लपवतेय. मागून नीट दिसत नसेल, म्हणून कॅमेरा. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतो.

१ मार्च

डोळे उत्तम आहेत. डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, माझ्यापेक्षा चांगले आहेत. परत येताना ताई बसमध्ये हसत होती. तिला मी विचारलं, तर म्हणाली, "बारक्या, तू मनाने वाईट नाहीस रे, पण तुझ्या डोक्यात प्रकाश शिरायला भिंत पाडावी लागते."

मला बारक्या म्हणते. माझ्याकडे बघून कुणी बारक्या म्हणेल का?

६ मार्च

दुग्धशाळेच्या बाईंनी दुसऱ्याला बोलावलं. गेलं ते काम. एकदा गेलेलं काम म्हणजे गेलेली गाय, पाठीमागे धावून मिळत नाही.

ताईशी बोललो नाही. तीही बोलली नाही. जेवताना फक्त मिठाची बरणी इकडून तिकडे झाली.

१० मार्च

लोणीला सांगितलं, करडीचा खड्डा काढून ठेव, मी घेतो. शब्द दिला. कुणाला विचारायचं कारण नाही. गाडी मी चालवतो.

ताईला सांगितलं. तिने हातातलं काम थांबवलं. मग फोन घेऊन मागच्या अंगणात गेली आणि बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. एक वाक्य ऐकू आलं: "नाही, मग आणखी थांबावं लागेल."

कशाला थांबायचं? गाडी तर ठरली.

१२ मार्च

लिहायला हात चालत नाही, तरी लिहितो.

सकाळी डॉक्टर आले. ताई बाजारात गेली होती. मी शेडमध्ये जॅकचं चाक सरळ करत होतो. डॉक्टर आले ते बसलेच नाहीत. म्हणाले, "तुम्ही ती करडी घेऊ नका. मी हात जोडतो."

मी म्हटलं, "डॉक्टर, आता स्पष्टच विचारतो. लोणी तुम्हाला किती देतो?"

"कोण लोणी?"

"तो विक्रेता."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा लाल झाला. इतका शांत माणूस, गाईने लाथ मारली तरी आवाज न चढवणारा, पण आज चढला. "अहो, मला तुमच्या बहिणीशी लग्न करायचंय! दोन महिने झाले. आणि ती म्हणते, गाडी ठरल्याशिवाय तारीख ठरवायची नाही. म्हणते, मागे उभं राहायला माणूस लागतो अशी गाडी त्याच्या गळ्यात बांधून मी कशी जाऊ? तुम्ही एकेक गाडी नाकारताय आणि माझं लग्न पुढे ढकललं जातंय!"

माझ्या हातात हातोडी होती. ती मी खाली ठेवली, एवढं आठवतंय. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, "पण एवढी घाई काय आहे?"

"मी एकसष्ट वर्षांचा आहे," डॉक्टर म्हणाले. "घाई मला नसेल तर कुणाला असेल?"

मग तेच ओशाळले. रुमालाने कपाळ पुसलं आणि म्हणाले, "हे तिने सांगायचं होतं. माझ्याकडून सुटलं. तिला सांगू नका मी ओरडलो म्हणून."

१२ मार्च, नंतर

ताई आली. मी विचारलं. तिने पिशवी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांचं घर डोंगरापलीकडे आहे, लग्न झालं की तिकडे राहायचं. तिला ते आवडतात. तिने हे असं सरळ म्हटलं, आवडतात, आणि सत्तावन्नाव्या वर्षी लाजली. मी तिला लाजलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, जा, मी करीन माझं. आणि मग रुसून करडी घेतली असतीस. मग मला जाता आलं असतं का?"

मी म्हटलं, "मला कुणाच्या उपकाराची गरज नाही."

"बघ," ती म्हणाली, "सुरू झालं."

रात्री मी ताट तसंच ठेवून उठलो. राग आलाय. सगळ्यांचा आलाय. डॉक्टरांच्या मिशीचासुद्धा आलाय.

१३ मार्च

आज मी शोरूमला एका विचाराने गेलो आणि तो विचार इथे लिहून ठेवतो, कारण तो मला आवडला नाही. करडी आणली तर ताई जाणार नाही. तिला ओळखतो मी. चिडेल, बोलणार नाही, पण सकाळी गाडीमागे जाऊन उभी राहील. मला काही करायचं नव्हतं, फक्त दिलेला शब्द पाळायचा होता. शब्द पाळणाऱ्याला कोण नावं ठेवतो?

करडीत बसलो. खड्डा काढला होता, रंग नवा. अंगणात त्यांचा एक दाखवायचा ट्रेलर आहे. मी लोणीला म्हटलं, मागे उभे राहा आणि खुणा करा. तो दोन्ही हात असे हलवायला लागला की जणू कावळे हाकलतोय. मी आरशात बघत होतो. त्या आरशात, त्या जागी, मी वर्षानुवर्षं ताईला बघितलंय. म्हणजे ताईला नाही. तिचा हात. पावसात निथळणारा, थंडीत फाटक्या मोज्यातला, एकदा पट्ट्यात सापडल्यावर बँडेज बांधलेला. बँडेजमध्येही मूठ मिटली होती. त्या हाताकडे मी इतकं बघितलं की वरचा चेहरा बघायचा राहिला. तिच्या मनात काय चाललंय ते डॉक्टरांना दिसलं, मला नाही. मी तर रोज तिच्या समोर जेवायला बसतो.

फार वाईट वाटलं. लोणी अजून कावळे हाकलत होता.

उतरलो आणि म्हटलं, "ती पांढरी काढा."

"कॅमेरावाली, साहेब?"

"हो, कॅमेरावाली. आणि परत तो शब्द काढलात तर मी पायी जाईन."

१५ मार्च

पांढरी घरी आणली. ताई बाहेर आली, गाडीभोवती फिरली. तिचे डोळे भरले होते, माझेही, म्हणून मी बॉनेट उघडून उगाच आत बघत बसलो.

मग म्हणाली, "लाव. मी बघते."

पडद्यावरची रेघ दांडीला धरली, हळू मागे आलो. थोडी चुकली, पुन्हा घेतली, बसली. वाटी मीच लावली, पिन मीच, साखळ्या मीच. ताई मागे उभी होती. हातांचं काय करावं ते तिला कळेना. आधी पदराशी चाळा केला, मग दोन्ही हात पाठीमागे धरले. मी वर चढून बसलो तेव्हा तिने थापेसाठी हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

"नको," म्हणाली. "सवय व्हायला हवी तुला."

सवय! गाडी छान आहे. मला अजिबात आवडत नाही.

२९ मार्च

लग्न झालं. देवळात हार, कचेरीत सह्या, मग जेवण. डॉक्टर इतके घाबरले होते की सही चुकीच्या रेघेवर करत होते. मीच बोट ठेवून दाखवलं, इथे. जाताना ताईने माझ्याकडून बटाटे, मशीन आणि रंगीत कपड्यांचा पाठ पुन्हा म्हणवून घेतला. मग गेली.

घरात मिठाची बरणी जिथे ठेवतो तिथेच राहते.

१ एप्रिल

आज पहिलं काम एकट्याने. दुग्धशाळेच्या बाईंनी परत बोलावलंय, त्या दुसऱ्याने गाय लंगडी केली म्हणे. मला आनंद झाला म्हणणं बरोबर नाही, पण झाला.

उजाडल्यावर ट्रेलर लावायला घेतला. रेघ धरली, मागे आलो, गोळा वाटीखाली पहिल्या फटक्यात. इतका बरोबर की मला रागच आला. ताईला कधीकधी मला दोनदा सांगावं लागायचं. उतरून वाटी बसवली, पिन, साखळ्या, दिव्याची वायर. वर चढलो, गाडी सुरू केली आणि बसलो.

बसूनच राहिलो. गाडी चालू, पाय ब्रेकवर, आरशात रिकामं अंगण. मला निघता येईना. सगळं जोडलं होतं, मी स्वतः तपासलं होतं, तरी येईना. हे हसण्यासारखं आहे हे मला कळत होतं, त्यामुळे आणखी चिडलो. कॅमेऱ्याला शिव्या दिल्या. त्याला काय त्याचं!

शेवटी फोन लावला.

"काय रे? लागली नाही का?" ताईचा आवाज झोपेतला नव्हता. तीही या वेळेला उठलेलीच असणार.

"लागली. पहिल्या फटक्यात."

"बरं झालं," म्हणाली, पण बरं झाल्यासारखं म्हणाली नाही. "मग फोन कशाला केलास?"

"असाच."

"वाटी नीट बसली?"

"हो."

"पिन?"

"घातली."

"साखळ्या?"

"लावल्या गं."

"मग निघत का नाहीस?"

फोनमध्ये इंजिनाचा आवाज तिला ऐकू जात असणार. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तिने तिथल्या टेबलावर जोरात दोन थापा मारल्या, आणि मागून डॉक्टरांचा आवाज आला, "अगं, चहा! माझा चहा!"

मी ब्रेकवरचा पाय काढला.